गतिरोधकाचा तंटा

आमच्या पांढुर्ण्यास दोन काठांचा तंटा नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, तिची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. तिला कीर्ती म्हणावे की अपकीर्ती, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. प्रस्तुत लेखात ज्या तंट्याचा विचार करावयाचा आहे, तो वर्षातून एक दिवस नव्हे, तर बाराही महिने चालतो. त्यात गोटे नसून सिमेंट आहे, आणि नदीचे पात्र नसून जेमतेम पाच मीटर रुंदीची गल्ली आहे. त्या गल्लीत गतिरोधक असावा की नसावा, एवढाच वादाचा विषय! सरकारी फलकावर हिंदीत 'गति अवरोधक', पुस्तकी मराठीत 'गतिरोधक' आणि लोकांच्या तोंडी 'ब्रेकर'. एकाच वस्तूस तीन नावे देणाऱ्या गावात तिच्याविषयी दोन मते असावीत, यात नवल ते काय?

आम्ही राहतो ती ही गल्ली पूर्वी मातीची होती. मध्यावर एका घराचा ओटा रस्त्यात हातभर पुढे आलेला, पलीकडे कडुनिंबाचे झाड आणि त्याच्या पुढे हापशी. येणारी सायकल ओटा चुकवून वळे, झाड चुकवून पुन्हा वळे व हापशीपाशी बायांची गर्दी असली म्हणजे खाली उतरून चाले. कोणी मोटार घेऊन आलाच, तर त्यास मागे पाहत पाहत उलटे जावे लागे. पुढे रस्ता सिमेंटचा झाला. चिखल गेला, धूळ गेली, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. परंतु त्याच वेळी ओटा तोडला गेला, हापशी निघाली, रस्ता सरळ व गुळगुळीत झाला. बाजाराकडून मोठ्या रस्त्याला लागण्यास ही वाट जवळची, असा शोध मोटारसायकलवाल्यांना लागण्यास मग फार दिवस लागले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर मिळून निराळा जिल्हा झाला, तेव्हापासून गावातील वर्दळ अधिकच वाढली, असे गल्लीतील वडीलधारी मंडळी सांगतात.

एके दिवशी सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या एका मुलास मोटारसायकलचा धक्का बसला व त्याच्या पायाचे हाड मोडले. आठ दिवसांच्या आत त्याच्या वडिलांनी व शेजाऱ्यांनी, जवळच चाललेल्या घरबांधणीतील उरलेले सिमेंट व गिट्टी आणून, रस्त्यावर आडवा एक उंचवटा घातला. परवानगी कोणी मागितली नाही. फलक लावला नाही की पट्टे मारले नाहीत. पुढच्याच आठवड्यात, रात्री दवाखान्यातून परतणाऱ्या एक आजी त्या उंचवट्यावर मोटारसायकलच्या मागील बैठकीवरून उसळून पडल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, "रस्त्यात डोंगर बांधला जी तुम्ही! आता माणूस पडला त्याचं काय?" त्यास उत्तर मिळाले, "अन् आमच्या पोराचा पाय मोडला तेव्हा कुठं होता जी तुम्ही?" काही दिवसांनी सकाळी उठून पाहतो तो अर्धा उंचवटा सबलीने फोडलेला! कोणी फोडला, ते सर्वांस ठाऊक होते व कोणीच बोलत नव्हते. दोन घरांतील वाटीभर साखरेची देवाणघेवाण त्या दिवसापासून थांबली.

आमच्या वर्गातील बरीच मुले या गल्लीतून शाळेत येतात, म्हणून तंटा वर्गातही आला. मुलांचे सरळ दोन तट पडले. त्यांना भांडू देण्याऐवजी आम्ही त्यांच्या हाती दोरी, फूटपट्टी व सेकंद मोजणारे घड्याळ दिले.

प्रथम वेग. विजेच्या दोन खांबांमधील अंतर दोरीने मोजले, ते ३० मीटर भरले. पहिल्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाण्यास गाडीला तीन सेकंद लागले तर तिचा वेग सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर झाला. दोन सेकंद लागले तर ताशी ५४. घड्याळ धरणाऱ्या मुलाकडून अर्ध्या सेकंदाची चूक होऊ शकते, तेव्हा या पद्धतीस फार काटेकोर समजू नये. तथापि "गाड्या फार जोरात जातात" आणि "छे, हळूच जातात" या दोन वाक्यांपेक्षा ती निश्चितच बरी. दोन सेकंदांत जाणाऱ्या गाड्या थोड्या होत्या, पण होत्या.

आता ताशी ५० आणि ताशी ३० यांत असा कितीसा फरक आहे, असे कोणी विचारील. चालकाच्या दृष्टीस मूल पडल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, आणि ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद याप्रमाणे घटतो, असे धरू. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी पहिल्या सेकंदात ८.३ मीटर जाईल व ब्रेक लागल्यावर आणखी ६.९ मीटर, म्हणजे सुमारे १५ मीटरांत थांबेल. ताशी ५० ची गाडी पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर गेलेली असेल आणि थांबेपर्यंत ३३ मीटर ओलांडील. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती? विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. उत्तर ताशी सुमारे ४८ किलोमीटर येते! म्हणजे पंधरा मीटरांवर उभे असलेले मूल पहिल्या गाडीपासून सुखरूप राहील, आणि दुसरी गाडी त्यावर जवळजवळ पूर्ण वेगाने आदळेल. तिच्या चालकाने ब्रेक दाबला होता हे खरे, परंतु दाबण्यास वेळच उरला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे रस्ते सुरक्षेविषयी जागतिक परिषद भरली होती. जेथे पायी चालणारे व वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात, तेथे वेगमर्यादा ताशी ३० असावी, असे तिच्या घोषणापत्रात म्हटले आहे, ते याच कारणासाठी.

तेव्हा मोडलेल्या पायाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे येथवर खरे ठरले. आता त्यांनी बांधलेल्या उंचवट्याकडे वळू.

फोडल्यावाचून राहिलेल्या अर्ध्या भागाचे माप मुलांनी घेतले. रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेतील माप, ९० सेंटीमीटर. मधली उंची १५ सेंटीमीटर. हा आकार वर्तुळाचा एक तुकडा आहे असे मानले, तर ते वर्तुळ केवढे? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) जीवा, शर व व्यास यांचा संबंध दिला आहे, शर म्हणजे कंसाच्या मध्याची जीवेपासूनची उंची. आजच्या भाषेत रीत अशी: अर्ध्या जीवेच्या वर्गास शराच्या दुपटीने भागावे व त्यात शराचा अर्धा भाग मिळवावा, म्हणजे त्रिज्या येते. अर्धी जीवा ४५, तिचा वर्ग २०२५. त्यास ३० ने भागले असता ६७.५, त्यात ७.५ मिळविले की ७५. त्रिज्या ७५ सेंटीमीटर! मुले हसू लागली, कारण बैलगाडीचे मोठे चाक साधारण एवढेच असते. जणू कोणी बैलगाडीचे चाक रस्त्यात पुरून त्याचा माथा तेवढा वर ठेवला होता.

असा उंचवटा कसा असावा, याविषयी आपल्या देशात लेखी मार्गदर्शन आहे. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने १९८८ साली त्यासाठी सूचनापत्र काढले (क्रमांक ९९), आणि २०१८ साली ते सुधारून वाढविले. १९८८ च्या सूचनेत गोलसर गतिरोधकाची मापे आहेत ती अशी: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. आणि त्यावरून सुखाने जाण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. आपली रीत लावून पाहा. अर्धी जीवा १८५ सेंटीमीटर, वर्ग ३४,२२५. त्यास २० ने भागले असता १,७११. त्यात ५ मिळविले की १,७१६ सेंटीमीटर, म्हणजे १७ मीटर आणि वर थोडे. सरकारी कागदातील आकडे वर्गातील फळ्यावर असे जुळून आले, तेव्हा मुलांना जो आनंद झाला तो परीक्षेतील गुणांनी होत नाही.

सतरा मीटर कोठे आणि पाऊण मीटर कोठे! हा फरक केवळ नाजुकपणाचा नाही. त्यात एक चमत्कारिक अन्याय दडलेला आहे, आणि आमच्या मते या साऱ्या तंट्याचे मूळ त्यातच आहे. ताशी ९ किलोमीटरने जाणारी सायकल आमच्या गल्लीतील उंचवटा सुमारे तृतीयांश सेकंदात ओलांडते. तिला स्प्रिंग नाही. चढ व उतार यांचा सारा गचका स्वाराच्या मणक्यास बसतो. ताशी ५४ ने येणारी दणकट मोटारसायकल तोच उंचवटा सहा शतांश सेकंदात पार करते. चाक वर उचलले जाते, शॉकॲब्सॉर्बर दबतो व सुटतो. स्वाराचे अंग पुरते वर जाण्याच्या आत उंचवटा मागे पडलेला असतो. दिवसाउजेडी, उंचवटा ठाऊक असलेला तरुण स्वार त्यावरून बेफाम जातो, त्याचे कारण हेच. अरुंद व उंच गतिरोधक हळू जाणाऱ्यास शिक्षा करतो, आणि जोरात जाणाऱ्यास बहुधा सोडून देतो. खरी शिक्षा त्यास होते ती रात्री, उंचवटा न दिसल्यामुळे. आणि ती शिक्षा फार भयंकर असते. केंद्र सरकारच्या नोंदींप्रमाणे एकट्या २०१५ या वर्षी देशात गतिरोधकांशी संबंधित अपघातांत ३,४०९ माणसे मृत्यू पावली. खड्ड्यांमुळे मेलेल्यांची त्या वर्षीची संख्या ३,४१६ होती. म्हणजे रस्त्यात पडलेला खळगा व रस्त्यावर केलेला उंचवटा यांनी जवळजवळ सारखेच बळी घेतले.

याउलट ३.७ मीटर रुंदीच्या उंचवट्यावर ताशी ५४ ने येणारी गाडी पाव सेकंद राहते. तेवढ्या वेळात गाडीचा सांगाडा वर उचलला जातो, माणूस बैठकीतून उसळतो, आणि पुढच्या वेळी तो आपण होऊन वेग कमी करतो. हळू जाणाऱ्यास मात्र लहानशी टेकडी चढून उतरल्यासारखे वाटते, एवढेच. वेग वाढेल तसा त्रास वाढावा, आणि वेग कमी असेल तर त्रास नसावा, असा हा न्याय आहे. इंग्लंडमधील सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने निरनिराळ्या आकारांचे उंचवटे करून त्यांवरून गाड्या नेल्या व १९७३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा फूट रुंद व चार इंच उंच, हा त्याने योग्य ठरविलेला आकार. आपल्या सूचनापत्रातील ३.७ मीटर म्हणजे तेच बारा फूट होत.

उंचवट्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील चॅटम या लहानशा गावाने १९०६ साली पायी चालणाऱ्यांच्या ओलांडणीची जागा रस्त्यापेक्षा पाच इंच उंच करण्याचे ठरविले होते. १९२७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविणारे आर्थर कॉम्प्टन पुढे सेंट लुई येथील विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेथील आवारातून मोटारी भरधाव जातात हे पाहून त्यांनी १९५३ साली रस्त्यासाठी उंचवट्याचा आराखडा स्वतः तयार केला. क्ष-किरणांचे विकिरण अभ्यासणाऱ्या पुरुषास रस्त्यातील उंचवट्याकडे लक्ष देणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. हॉलंडची कथा अधिक गंभीर आहे. त्या चिमुकल्या देशात १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरात त्याआधीच काही गल्ल्यांतून रस्ता वाकडा करणे, मध्ये झाडे लावणे, बाके ठेवणे असे प्रयोग झाले होते. १९७६ साली अशा गल्ल्यांना तेथील कायद्याने मान्यता दिली. त्या कायद्याप्रमाणे अशा गल्लीत मुलांना खेळण्याचा हक्क मिळाला व गाडीस माणसाच्या चालीने जावे लागे. हे वाचून आम्हांस आमचा ओटा, कडुनिंब व हापशी आठवली. जे डेल्फ्टकरांनी विचार करून मांडले, ते आमच्याकडे विचार न करता मांडलेले होते, आणि विचार न करताच निघून गेले.

उंचवट्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मुलांनी घरोघर जाऊन टिपून आणले. त्यात हट्ट कमी आणि अनुभव जास्त आढळला. संत्र्यांचे क्रेट भरून टेम्पो आणणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितले की प्रत्येक गचक्याबरोबर खालच्या थरातील फळ दबते, व व्यापारी नेमके तेच वर काढून भाव पाडतो. एका घराने सांगितले की पावसाचे पाणी उंचवट्यापाशी अडून उंबऱ्याशी येते. रात्री रिकामी गाडी आदळली की तान्हे मूल दचकून उठते, ही तक्रार दोन घरांची. अवघडलेल्या सुनेला किंवा हृदयविकाराच्या रोग्याला पुढील उपचारासाठी नागपुरास न्यावे लागते. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास गल्लीतील गचक्यानेच सुरू व्हावा काय, असे एका आजोबांनी विचारले. त्यास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. योग्य आकाराचा गतिरोधकही रुग्णवाहिकेस थोडा उशीर करतोच. तो उशीर मान्य करावा लागेल, किंवा दुसरा उपाय शोधावा लागेल. तो नाहीच असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या ध्यानात आली नव्हती. ती सहावीतील एका मुलीने सांगितली. उंचवटा नालीपर्यंत पोहोचत नव्हता. कडेला हातभर मोकळी जागा होती. दुचाकीस्वार वेग कमी न करता त्या फटीतून जात. आणि लहान मुले गाड्यांच्या भीतीने नेमकी त्याच कडेने चालतात. उंचवटा घातल्यापासून गाड्या मुलांच्या अधिक जवळून जाऊ लागल्या होत्या! मोडलेल्या पायाच्या मुलाच्या वडिलांना हे दाखविले तेव्हा ते बराच वेळ त्या फटीकडे पाहत उभे राहिले व म्हणाले, "हे तर आमच्या डोक्यातच नाही आलं, गुरुजी."

रस्ता नगरपालिकेचा आहे, तेव्हा त्यावर काही घालण्याचा वा त्यातून काही फोडण्याचा अधिकार ना या घराचा, ना त्या घराचा. हे सांगणे सोपे. परंतु अर्जाचे उत्तर येईपर्यंत मुलांनी शाळेत जावयाचे कसे, असा बापाचा प्रश्न असतो, आणि त्याला कलम दाखवून भागत नाही. आम्ही एवढेच केले की मुलांकडून नकाशा काढवून घेतला. त्यात ३.७ मीटर रुंदीचा, दहा सेंटीमीटर उंचीचा गतिरोधक दाखविला. त्याच्या दोन्ही अंगांस सुमारे चाळीस मीटर आधी सूचनेचा फलक, वर पांढरे-काळे पट्टे, पाणी वाहून जाण्यास कडेच्या नालीची सोय, आणि कडेच्या फटीतून दुचाकी जाऊ नये म्हणून तेथे दगडी खुंट. खाली हिंदीत अर्ज. आमच्याकडे नगरसेवकास पार्षद म्हणतात. त्यांच्यामार्फत तो नगरपालिकेत द्यावयाचा होता. अर्जावर आजींच्या मुलाने सही केली. त्याच्या खालीच मोडलेल्या पायाच्या मुलाच्या वडिलांनी केली. एकाच लेखणीने, परंतु एकमेकांकडे न पाहता.

मग नवा प्रश्न निघाला. गतिरोधक हवा, यावर सारे एकमत झाले. तो कोणाच्या दारासमोर, यावर कोणीच तयार होईना! ज्यांनी पहिला उंचवटा बांधला, त्यांनीही तो स्वतःच्या दारापासून दोन घरे दूर बांधला होता, हे आता कोठे सर्वांच्या लक्षात आले. गचका, आवाज व अडलेले पाणी शेजाऱ्याकडे आणि सुरक्षितता सर्वांकडे, अशी वाटणी कोणास नको असते? मुलांनी दोरी घेऊन पुन्हा गल्ली मोजली. एका जुन्या गोदामाची लांबलचक भिंत आहे, तिच्यात एकही दार वा खिडकी नाही. पूर्वीचा कडुनिंब तेथेच समोर उभा आहे. त्या भिंतीपाशी मुलांनी खडूने ३.७ मीटर अंतरावर दोन आडव्या रेषा आखल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामाचे मालक शाळेत आले. खुर्चीवर बसून त्यांनी पाणी घेतले, नकाशा उलटसुलट पाहिला, सतरा मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे काय ते विचारले आणि ते समजावून घेतले. नंतर म्हणाले, "सारं बरोबर आहे गुरुजी, पण माझा ट्रक तिथंच वळते." आम्ही उठून पुन्हा दोरी घेतली, आणि ट्रकला वळण्यास किती जागा लागते ते मोजण्यासाठी त्यांच्याबरोबर गल्लीत गेलो.